बँडची ती चाल काढायला सांगू नका : लघुपट महोत्सवाच्या परीक्षकांना खुले पत्र

परीक्षक मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या महोत्सवात बावीस मिनिटांची एक अहिराणी फिल्म दाखवली गेली. कामासाठी सुरतेला निघालेला मुलगा, त्याची विधवा आई, खुंटीला टांगलेलं वडलांचं क्लॅरनेट आणि शेवटी अमळनेर स्टेशनावरची पहाटेची पॅसेंजर. दिवसभरात तुम्ही बऱ्याच फिल्म पाहिल्यात, तरी ही तुम्हाला आठवत असेल. शेवटच्या प्रसंगात सभागृहातले काही लोक मोठ्यानं हसले आणि काहींनी मागं वळून त्यांना गप्प केलं. मी मागून चौथ्या रांगेत होतो. माझ्या शेजारचे गृहस्थ हसले, त्यांच्या पलीकडच्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. एकाच ओळीत, एकाच क्षणी.

नंतर गुणपत्रिकेवर तुमचा शेरा आला : पार्श्वसंगीत विषयाशी विसंगत आहे, लग्नाच्या बँडऐवजी बासरी किंवा व्हायोलिन वापरून फिल्म पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावी.

ही फिल्म करणारी मुलगी माझी विद्यार्थिनी आहे. शाळेत सहा वर्षं मी तिला पेटी शिकवली. शिवाय माझे वडील बँडात क्लॅरनेट वाजवायचे. म्हणजे मी दोन्ही अंगांनी तिच्याकडचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बक्षीस का दिलं नाही, हे विचारायला हे पत्र लिहीत नाही. बक्षीस कुणाला द्यायचं हा तुमचा अधिकार. मला बोलायचंय ते त्या शेऱ्यातल्या ‘विसंगत’ या शब्दाबद्दल. तो शब्द तुम्ही एका तेवीस वर्षांच्या मुलीच्या हातात दिलात, आणि ती तो खरा मानून बसली आहे.

तो शेवटचा प्रसंग मी पुन्हा एकदा सांगतो. गाडी हलते. मुलगा दारात उभा आहे. आई दोन पावलं चालते, थांबते, तिचं तोंड उघडतं. ती रडतेय की हाक मारतेय हे कळत नाही, कारण तिचा आवाज फिल्ममधून काढून टाकलाय. त्या जागी लांबून क्लॅरनेट येतं, त्याच्या खाली युफोनियमचा, म्हणजे बँडातल्या मोठ्या पितळी कर्ण्याचा, एक जाड सूर आणि साईड ड्रमची सावकाश काठी. चाल आहे ती पाठवणीची. मांडवातून नवरी निघाली की आपल्याकडं कुठलाही बँडवाला न सांगता जी चाल धरतो, तीच. चाळीस सेकंद. मग गाडीचा शेवटचा डबा जातो आणि रुळांवर फक्त कुत्रं दिसतं.

लोक हसले ते इथं. मुलगा कामाला चाललाय आणि बँड नवरीचा वाजतोय! मलाही पहिल्यांदा ऐकताना क्षणभर चमकायला झालं होतं, खोटं कशाला बोलू. पण हीच फिल्म तिनं बोरी नदीकाठच्या त्या गावात, जिथं चित्रण झालं तिथं, मारुतीच्या पारावर चादर बांधून दाखवली होती. तिथं कुणी हसलं नाही. फिल्म संपल्यावर एक म्हातारी तिला म्हणाली, ‘‘आंडोर बी आते सासरेज जास ना माय, सुरतले.’’ मुलगाही आता सासरीच जातो, सुरतेला. मी त्या रात्री पारावर होतो. त्या बाईला चाल विसंगत वाटली नाही. त्या चालीचा अर्थ तिला आमच्या आधी कळला.

खान्देशातल्या घराघरातून सुरतेला माणसं गेली आहेत. उधना, लिंबायत ही सुरतेतल्या वस्त्यांची नावं आमच्या मुलांना तालुक्याच्या गावांइतकी पाठ आहेत. आठवड्याच्या सुट्टीला येणारा पोरगा पुढं दिवाळीला येतो, मग फक्त आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मग त्याचं रेशनकार्ड तिकडं होतं. आई ‘पाहुणा आला’ म्हणते आणि तिलाच ते लागतं. लेकीच्या पाठवणीला निदान रडायची परवानगी असते, चार बाया धरायला असतात, बँड असतो. लेकाच्या पाठवणीला काहीच नसतं. त्या मुलीनं काय केलं, तर जी चाल त्या आईला कुणी दिली नाही ती तिला दिली. यापेक्षा सुसंगत संगीत मला सुचत नाही.

आता बासरीबद्दल. त्या दिवशी अकरा लघुपट दाखवले गेले. सातांमध्ये दुःखाच्या जागी बासरी होती, हे मी तिकिटाच्या मागं रेघा ओढून मोजलं. त्यातली निदान तीन ठिकाणी तर एकच फुकट मिळणारी ध्वनिफीत होती, सूर अन् सूर तोच. कापूस जळाला, बासरी. बाप गेला, बासरी. पोरीची शाळा सुटली, बासरी. बासरीवर माझा राग असण्याचं कारण नाही, पण तिथं ती काही सांगत नव्हती, ‘आता वाईट वाटून घ्या’ एवढी पाटी दाखवत होती. त्यांतल्या एकाच्याही शेऱ्यात संगीताबद्दल तुम्ही अक्षर लिहिलेलं नाही. ज्यानं काहीच धाडस केलं नाही ते सगळं सुसंगत ठरलं.

तुमच्यापैकी एका सरांनी नंतर चहाच्या वेळी वेगळाच आक्षेप घेतला, तोही नोंदवतो. ते म्हणाले, अहिराणी फिल्म आहे तर आपली वाद्यं हवी होती, पावरी हवी, संबळ हवा, बँड हा इंग्रजांचा. हा आक्षेप प्रेमापोटी आहे हे मला कळतं. पण पावरी ही साक्री, नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली, भिल्ल आणि कोकणा बांधवांची. तिच्या मागं त्यांची दैवतं आहेत, रात्रभराचा नाच आहे. बोरीकाठच्या कापूसवाल्याच्या घरात ती कुणी वाजवत नाही. ती इथं आणून लावली असती तर पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखं झालं असतं. आणि बँड इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला हे खरं, पण पेटी कुठून आली? तीही युरोपातलीच. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. त्या तीस वर्षांत आपल्या एका तरी देवळातलं भजन पेटीवाचून थांबलं का? वाद्य कुणाचं हे त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही, ते कुणाच्या सुखदुःखात वाजलं यावरून ठरतं. आमच्या गल्लीत नव्वदी ओलांडलेल्या काशीआजीला बँड लावून स्मशानात नेलं होतं. वडलांनी तेव्हा वाजवलेला अभंग आणि दुसऱ्या दिवशी वरातीत वाजवलेलं गाणं, दोन्ही एकाच क्लॅरनेटमधून, एकाच पत्तीवर. पत्ती म्हणजे तोंडाशी बांधतात ती पातळ रीड. वडील ती रात्री पाण्याच्या वाटीत ठेवायचे आणि तिला कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

सिनेमाला न शोभणारं संगीत हा वाद जुना आहे आणि जगभर आहे. १९८५ सालचा ‘लेडीहॉक’ नावाचा इंग्रजी सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मध्ययुगातली शापित प्रेमकथा : बाई दिवसा ससाणा होते, पुरुष रात्री लांडगा होतो, दोघं माणूस म्हणून कधी भेटतच नाहीत. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर, छायाचित्रण व्हित्तोरिओ स्तोरारोचं, आणि संगीत अँड्र्यू पॉवेलचं, ज्याची निर्मिती अ‍ॅलन पार्सन्सनं केली. चित्रणाच्या जागा शोधत फिरताना डॉनर गाडीत पार्सन्सच्याच टेपा ऐकत होता, म्हणून त्याच्या डोक्यात ती दृश्यं आणि तो आवाज एक होऊन बसले. परिणाम असा, की किल्ला, चिलखत, घोडा, आणि मागं ऐंशीच्या दशकातले ड्रम अन् सिंथेसायझर. त्यावरून लोक आजही भांडतात. एक म्हणतो सिनेमाची माती केली, दुसरा म्हणतो तेच तर त्याचं वेगळेपण.

मला स्वतःला ते संगीत खटकतं. पण का खटकतं हे शोधायला मला बरीच वर्षं लागली. मध्ययुगात सिंथेसायझर नव्हता हे कारण घेतलं तर ऐंशी वादकांचा ऑर्केस्ट्राही मध्ययुगात नव्हता. तो तर कित्येक शतकांनी आला. आपल्याकडं शिवकालावरच्या सिनेमात घोडे दौडले की व्हायोलिनचा ताफा वाजतो, तेव्हा कुणी उठून विचारत नाही की रायगडावर व्हायोलिन कुठून आलं. कानाला सवय झाली की ते शोभतं, सवय नसली की शोभत नाही. ‘लेडीहॉक’चं माझ्या मते चुकलंय ते दुसरीकडं. प्रेमाच्या जागी तो सिनेमा गुपचूप ऑर्केस्ट्राकडं परत जातो आणि घोडदौड आली की पुन्हा ड्रमकडं येतो. त्याचा स्वतःच्या निवडीवर शेवटपर्यंत विश्वास नाही, आणि शिवण उसवलेली दिसते. त्याच्या चार वर्षं आधी आलेला ‘चॅरियट्स ऑफ फायर’ घ्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची गोष्ट, आणि व्हँगेलिसचं संगीत सिंथेसायझरवरचं. काळ तर इथंही जुळत नाही. पण समुद्रकाठी धावणाऱ्या त्या पोरांच्या छातीत जे चाललंय ते त्या सुरांत आहे, आणि सिनेमा तिथून मागं हटत नाही. त्या संगीताला ऑस्कर मिळालं.

त्या १९८५ सालातलीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण माझ्यासारख्या मास्तरला ती फार उपयोगाची वाटते. रिडली स्कॉटचा ‘लेजंड’ युरोपात जेरी गोल्डस्मिथच्या ऑर्केस्ट्रासह दाखवला गेला आणि अमेरिकेत टँजरीन ड्रीम या जर्मन गटाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतासह. गोष्ट एक, नट तेच, आणि दोन वेगळी संगीतं. दोन्हींचे चाहते आजही आहेत. ‘योग्य’ संगीत एकच असतं आणि परीक्षकाला ते ठाऊक असतं, ही समजूत तिथं टिकत नाही.

‘सैराट’च्या वेळी आमच्या शिक्षक-खोलीत दोन तट पडले होते. २०१६ चा उन्हाळा होता. करमाळ्याच्या विहिरी आणि ऊस, आणि त्यावर अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केलेला पाश्चात्त्य वाद्यवृंद! आमचे चित्रकलेचे सर म्हणाले, गावाला सूट-बूट घातलाय. मी तेव्हा त्यांच्या बाजूनं बोललो होतो. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मत बदललं. तो वाद्यवृंद करमाळ्याचा नाहीच, तो परशाच्या डोक्यातला आहे. सिनेमे पाहून प्रेमात पडलेल्या पोराला आपलं प्रेम एवढंच भव्य ऐकू येणार. आणि मध्यंतरानंतर दिग्दर्शकानं गाणी थांबवली. पुढं संसार आहे, भांडण आहे, हैदराबादची झोपडपट्टी आहे, तिथं गाणं नाही. शेवटी तर आवाजच काढून घेतला, रक्तात पाय भिजलेलं लेकरू चालतंय आणि कानाला काही नाही. पहिल्या अर्ध्या भागात ते संगीत तेवढं मोठं नसतं तर ती शांतता एवढी बोचली नसती. नागराज मंजुळे यांच्याच आधीच्या ‘फँड्री’त डुक्कर पकडण्याच्या धावपळीत शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुकरामागं राष्ट्रगीत! तुमच्या गुणपत्रिकेत त्याला काय शेरा मिळाला असता?

आणि आईचा आवाज काढून त्या जागी वाद्य ठेवणं, यावर तुम्ही ‘अभिनयाला न्याय दिला नाही’ असंही लिहिलंय. १९५५ चा ‘पथेर पांचाली’ आठवा. हरिहर कित्येक महिन्यांनी घरी येतो, दुर्गेसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. दुर्गा गेलीय हे त्याला माहीत नाही. सर्वजया कोसळते, तोंड उघडते, आणि आपल्याला तिचा हंबरडा ऐकू येत नाही. ऐकू येते ती तारशहनाई, पटदीप रागातली, वरच्या सप्तकातली. संगीत रविशंकरांचं. तारशहनाई म्हणजे गजानं वाजवायचं वाद्य, त्याला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेला. ते काही बंगालच्या खेड्यातलं वाद्य नव्हे. तरी सत्तर वर्षं झाली, तो आवाज आईच्या रडण्याहून खरा वाटतो. माझ्या विद्यार्थिनीनं हा सिनेमा माझ्या घरी, माझ्या जुन्या टीव्हीवर पाहिला होता. तिनं उचललं असेल तर तिथूनच उचललं. चांगल्या घरून उचललं.

तिच्या फिल्ममधलं सगळंच संगीत जमलंय असं मी म्हणत नाही. कापसाच्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या प्रसंगात तिनं साईड ड्रम यंत्राच्या ठेक्यावर बसवलाय. पहिलं अर्धं मिनिट छान वाटतं, मग ती कारागिरी होते. ड्रम एवढा पुढं आणलाय की मुकादम मुलाला मजुरीचं काय सांगतो ते कळतच नाही, आणि गोष्टीचा सगळा पीळ त्या वाक्यात आहे. ख्रिस्तोफर नोलनच्या ‘इंटरस्टेलर’मध्ये हान्स झिमरच्या ऑर्गनखाली संवाद बुडतात अशी तक्रार जगभर झाली होती, आणि नोलननं ते जाणूनबुजून केल्याचं सांगितलं होतं. हेतू असला तरी प्रेक्षकाची तक्रार खोटी ठरत नाही. मी तिला हे सांगितलंय. तुमच्या शेऱ्यात मात्र हा दोष नाहीच. जे खरंच चुकलंय ते तुमच्या नजरेतून सुटलं, आणि जी फिल्मची सगळ्यात धीट जागा होती तिच्यावर तुम्ही काट मारलीत. याचं मला वाईट वाटतं.

तो शेवटचा तुकडा कसा ध्वनिमुद्रित झाला तेही सांगतो. तिच्याकडं स्टुडिओचे पैसे नव्हते. लग्नतिथी संपल्या होत्या, म्हणून तीन वाजवणारे मोकळे सापडले. क्लॅरनेटवाले आबा सत्तरीचे आहेत, वडलांच्याच पार्टीत लहानपणी खुळखुळा वाजवायला लागलेले. पहाटे साडेचारला पाटाच्या कडेला तिनं त्यांना उभं केलं आणि स्वतः माईक घेऊन शंभर पावलं लांब, वाऱ्याच्या दिशेला गेली. आवाज वाऱ्यावरून यायला हवा होता तिला, दुसऱ्या गावात कुठंतरी लग्न असावं तसा. पहाटेच्या गारव्यात क्लॅरनेट थोडं उतरतं, सूर किंचित खाली बसतात. युफोनियमशी ते पुरतं जुळत नाही. तुम्ही ‘बेसूर’ असंही लिहिलंय, तो हा फरक. आबांनी दोनदा विचारलं, पत्ती गरम करून पुन्हा घेऊ का? ती नको म्हणाली. पहाटेच्या बँडचा आवाज असाच असतो, हे लग्नघरी रात्र जागून काढलेल्या कुणालाही विचारा.

माझं तुमच्याकडं मागणं थोडंसंच आहे. पुढच्या वर्षी परीक्षकांत आवाजाचं काम जाणणारा एक तरी माणूस घ्या, तो ध्वनिमुद्रक असो, तमाशातला ढोलकीवाला असो की बँडमास्तर. संगीताबद्दल शेरा लिहाल तेव्हा कुठल्या प्रसंगात, काय, का, हे लिहा. ‘अमुक वाद्य वापरा’ असं मुलांना सांगू नका. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरच्या रोग्याला औषध बदलून देत नाही, निदान आधी नाडी बघतो. आणि जमलं तर ही फिल्म एकदा त्या पारावर येऊन पाहा. आखाजीला सुरतेची पोरं गावी येतात, तेव्हा ती पुन्हा लावायचं ठरतंय. चादर तीच आहे, स्पीकर बरा आणू. ज्यांना हसू आलं त्यांनी तिथंही हसावं, कुणी अडवणार नाही. पण शेजारी कोण बसलंय ते बघून या.

परवा तिचा फोन आला होता. कीबोर्डवर बासरीचा आवाज लावून ती शेवटचे चाळीस सेकंद पुन्हा करत बसली होती. ‘‘सर, शुद्ध निषाद ठेवू की कोमल?’’ असं विचारत होती. मी तिला आठ दिवस थांबायला सांगितलंय. आबांची मूळ फाईल तिच्या भावाच्या लॅपटॉपवर आहे, तिची एक प्रत मी पेनड्राईव्हवर माझ्याकडं घेऊन ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त संगीत शिक्षक,
अमळनेर